अपिलाचा वकील : काळ्या कोटातले बाबासाहेब

१४ एप्रिल आला की गावोगावच्या फ्लेक्सवर बाबासाहेब दिसतात ते निळ्या कोटात, हातात संविधान घेतलेले. काळ्या कोटातले बाबासाहेब मात्र फारसे कुठे दिसत नाहीत. खरं तर १९२३ नंतर कितीतरी वर्षं त्यांच्या घरची चूल पेटली ती वकिलीवर आणि कॉलेजात शिकवून मिळणाऱ्या पगारावर. ही वकिलीही मुख्यतः अपिलाची. खालच्या कोर्टात जो हरला, ज्याला शिक्षा लागली, त्याचे कागद घेऊन वरच्या कोर्टात उभं राहायचं, असं ते काम.

अपील म्हणजे काय, हे ज्याच्या घरात कोर्टकचेरी झाली त्याला सांगायला नको. खालच्या कोर्टाचा निकाल विरोधात गेला की खेड्यातला माणूस निम्मा तिथेच खचतो. तोवर म्हैस विकून झालेली असते, बायकोच्या अंगावरचं गहाण पडलेलं असतं. वर जायचं म्हणजे पुन्हा वकील, पुन्हा निकालाच्या नकला, पुन्हा प्रवास. त्या काळी तर गावाकडच्या भाषेतल्या जबान्यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागे, त्याचा खर्च वेगळा. त्यामुळे पुष्कळ गरीब माणसं अपील न करताच शिक्षा भोगून मोकळी व्हायची.

आणि अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा येत नाहीत. न्यायाधीशापुढे असतो तो कागद. जबान्या, पंचनामा, खालचा निकाल. त्यात चूक कुठे झाली, कायद्याचं कोणतं कलम कुठे चुकीचं लावलं, हे वकिलाने शोधून दाखवायचं. मोठ्या आवाजात बोलून हे काम होत नाही, त्याला रात्र रात्र बसून वाचावं लागतं. वाचनाच्या बाबतीत बाबासाहेबांचा हात कोण धरणार?

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. वडील सुभेदार रामजी लष्करात. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, मग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या मदतीवर १९१३ ला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ. हे सगळं आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे. वकिलीचा धागा सुरू होतो तो १९१६ मध्ये, लंडनला ग्रेज इन या संस्थेत नाव घातलं तेव्हापासून. तिथे शिकून बॅरिस्टर होता येत असे. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं.

मग बडोद्याची नोकरी आली. तिथे राहायला जागासुद्धा कुणी दिली नाही. ती सोडून ते मुंबईला आले, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातले पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले, आणि १९२० ला ते पुन्हा लंडन गाठते झाले. १९२२ ला बॅरिस्टरी हाती आली. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईत उतरले.

एवढा शिकलेला माणूस, पण वकिली सुरू करायला सनद लागते आणि सनदेला लागणारे पैसे खिशात नव्हते. ते पुन्हा भथेनांनीच दिले. राहायला परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्या. घरात बायको रमाबाई, मुलं आणि भावाचं कुटुंब.

मुंबई हायकोर्टात तेव्हा कामाच्या दोन शाखा होत्या, आजही आहेत. एक मूळ शाखा. तिथे मुंबई शहरातल्या व्यापाऱ्यांचे, गिरणीवाल्यांचे मोठमोठे दावे चालत. तिथे पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. मधे सॉलिसिटर असायचा, तो काम द्यायचा. दुसरी अपील शाखा. जिल्ह्यांच्या कोर्टांतून आलेली अपिलं तिथे चालत. पैसा होता मूळ शाखेत. पण अस्पृश्य समाजातल्या बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. डिग्र्या कितीही असोत, कोटाच्या आतला माणूस कोण हे आधी बघितलं जात होतं.

म्हणून बाबासाहेब अपील शाखेत आले आणि जिल्ह्याच्या ठिकाणची कामं घेऊ लागले. ठाणे, पुणे अशा कोर्टांच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथे येणारा पक्षकार म्हणजे गावाकडचा माणूस. कुणी जमिनीच्या भांडणातला, कुणी मारामारीच्या खटल्यातला. फी थोडी, तीही वेळेवर मिळेलच असं नाही. घर चालेना म्हणून १९२५ पासून ते बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवायला जाऊ लागले.

हा नाइलाज होता, त्याला उगाच त्यागाचा मुलामा द्यायची गरज नाही. मूळ शाखेत काम मिळालं असतं तर त्यांनी ते घेतलंही असतं. पण नाइलाजाने ज्या रांगेत उभं राहावं लागलं, त्या रांगेत आपलेच लोक उभे आहेत हे त्यांना दिसलं. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचं कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होतं. तिथे बाबासाहेब बसायचे. मुंबईत गिरणीत, गोदीत कामाला असलेली माणसं, कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं कागदाचं गाठोडं घेऊन तिथे येत. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याचं काम ते फी न घेता करत. एकीकडे स्वतःच्या घरी महिन्याचा मेळ बसत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

१९२६ साल त्यांच्यासाठी फार वाईट गेलं. जुलैमध्ये धाकटा मुलगा राजरत्न वारला. त्याआधीही त्यांची लेकरं गेली होती, पण राजरत्नच्या जाण्याने ते पार कोसळले. आणि त्यानंतर तीनच महिन्यांत पुण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांना असं अपील लढवायचं होतं ज्याच्याकडे सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष होतं.

प्रकरण असं होतं. ब्राह्मणेतर चळवळीतले दिनकरराव जवळकर यांनी ‘देशाचे दुश्मन’ नावाची पुस्तिका लिहिली. त्यात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अत्यंत कडक टीका होती. प्रकाशक होते केशवराव जेधे, छापणारे रामचंद्र लाड, प्रस्तावना केशवराव बागडे वकिलांची. बदनामीची फिर्याद झाली आणि खालच्या कोर्टाने चौघांनाही शिक्षा ठोठावल्या. फिर्यादीच्या बाजूला ल. ब. भोपटकर यांच्यासारखे पुण्यातले नामांकित वकील. अपील चालवायला बाबासाहेब आले. वकिलीला जेमतेम तीन वर्षं झाली होती.

पुस्तिकेची भाषा जहाल होती, हे कुणीच नाकारत नव्हतं. भाषेवर वाद घालत बसले असते तर अपील गेलं असतं. त्यांनी कायद्याचं कलम धरलं. मेलेल्या माणसाची बदनामी हा गुन्हा होऊ शकतो, पण त्यासाठी त्याच्या घरच्यांच्या, जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू दिसावा लागतो. मग फिर्याद करणारा मृताचा नेमका किती जवळचा, हा प्रश्न येतो. नातं लांबचं आहे, हे त्यांनी कोर्टापुढे ठेवलं. ऑक्टोबर १९२६ मध्ये सेशन्स कोर्टाने शिक्षा रद्द केल्या आणि चौघंही सुटले.

जेधे काही गरीब नव्हते, चांगले खाते-पिते होते. तरी या अपिलाचं नाव इथे घ्यायचं कारण एवढंच की या निकालाने मुलुखभर कळलं, खालच्या कोर्टात गेलेली केस वरती फिरू शकते आणि ती फिरवणारा वकील परळच्या चाळीत राहतो.

सगळ्याच केसेस फिरल्या असं नाही. र. धों. कर्वे हे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावर लिहायचे. वाचकांच्या प्रश्नांना उघड उत्तरं द्यायचे. अश्लील लिहितात म्हणून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. ज्या विषयाचं नाव काढायला भले भले लाजत होते, त्यावर त्यांनी कोर्टात सरळ कायद्याने बोलून दाखवलं. केस हरली. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हरणारी केस आहे हे दिसत असतानाही वकीलपत्र घेणं, हे गरिबांच्या आणि एकट्या पडलेल्या माणसांच्या वकिलाच्या वाट्याला नेहमीच येतं.

महाडची केस तर दहा वर्षं चालली. यात बाबासाहेब वकील असले तरी कोर्टाच्या कागदावर ते पहिल्या नंबरचे प्रतिवादी होते. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तो दिवस सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच डिसेंबरात महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला, हे किती जणांना माहीत आहे? डिसेंबरच्या परिषदेला हजारो माणसं पुन्हा तळ्यावर जायच्या तयारीने आली होती. भाकरी बांधून आली होती. अशा गर्दीला थांबा म्हणणं सोपं नसतं. पण हुकूम कोर्टाचा होता. तो मोडला तर दाव्यातच आपली बाजू लंगडी पडेल, हे त्यांच्यातल्या वकिलाला दिसत होतं. तळ्यावरचा सत्याग्रह तेव्हा पुढे ढकलला गेला. मनुस्मृती जाळली ती याच परिषदेत, २५ डिसेंबरला.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दाव्याचा निकाल महाडच्या कोर्टात ८ जून १९३१ ला लागला, अस्पृश्यांच्या बाजूने. समोरच्यांनी ठाण्याला अपील केलं. ते १९३३ च्या जानेवारीत फेटाळलं गेलं. मग ते हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी तेही फेटाळलं. तीन कोर्टं, आणि प्रश्न शेवटी एकच उरला होता. अस्पृश्यांना पाणी घेऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, याला पुरावा काय? तळं नगरपालिकेचं. पुरावा काही देता आला नाही. एक घोट पाण्यासाठी दहा वर्षं कागद लढवावा लागला. तेवढ्या काळात बाबासाहेब गोलमेज परिषदांना लंडनला जाऊन आले, पुणे करार झाला, रमाबाई १९३५ मध्ये वारल्या, ते सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, निवडणूक जिंकून विधिमंडळात गेले. दावा आपला चालूच होता.

विधिमंडळात सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. कोकणातला खोत आणि कुळ यांचं भांडण कोर्टात गेलं तर कुळाची काय गत होते, हे कोकणच्या माणसाला निराळं सांगावं लागत नव्हतं. बिल पास झालं नाही. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं, मग देशाचे पहिले कायदेमंत्री, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. या पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत.

पण घटना समितीत बसलेला हा माणूस अपिलाच्या कामातून आलेला वकील होता, हे दोन ठिकाणी फार स्पष्ट दिसतं.

पहिलं ठिकाण जून १९४९ चं. इंग्रजांच्या काळात हायकोर्टाने फाशी दिली तर त्यापुढचं दार लंडनला होतं, प्रिव्ही कौन्सिलकडे. आता विचार करा, गावातल्या शेतमजुराचं अपील लंडनला कसं जाणार? सुप्रीम कोर्टात फौजदारी अपील कुठल्या प्रकरणात चालावं यावर घटना समितीत चर्चा झाली. त्या चर्चेत बाबासाहेबांनी स्वतःचं मत सांगितलं की फाशीच्या अपिलाची सोय करत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच काढून टाकणं आपल्याला पसंत पडेल. ते झालं नाही. पण कलम १३४ आलं. खालच्या कोर्टाने सोडलेल्या माणसाला हायकोर्टाने अपिलात फाशी दिली, तर त्याला सुप्रीम कोर्टात अपिलाचा हक्क मिळाला. कलम १३६ ने सुप्रीम कोर्टाला खास परवानगी देऊन अपील ऐकायची मोकळीक दिली.

दुसरं ठिकाण १५ सप्टेंबर १९४९ चं. जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचं कलम घटना समितीने आधी पास केलं होतं, पण त्यात सरकारला फार मोकळा हात राहिला अशी टीका बाहेर आणि आत दोन्हीकडे होत होती. बाबासाहेबांनी ती टीका कानाआड केली नाही. त्याची भरपाई म्हणून त्यांनी नवं कलम मांडलं. आजचं कलम २२. अटक केली तर कारण सांगायचं. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. आणि अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायचा आणि त्याच्यामार्फत बचाव करायचा हक्क. पोलिस ठाण्यात एखाद्याला बसवून ठेवल्यावर गावातलं कुणी शिकलेलं पोर मोबाइलवर शोधून जे कलम दाखवतं, ते हेच.

एक गोष्ट मात्र या कलमात नव्हती. वकिलाचा हक्क दिला, पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या वकिलाची फी कोणी द्यायची, ते लिहिलेलं नव्हतं. परळला बसून फुकट वकीलपत्रं घेणाऱ्या माणसाला ही अडचण माहीत नसेल असं म्हणता येत नाही. पण १९५० च्या देशाकडे तेवढा पैसाही नव्हता आणि तेवढी तयारीही नव्हती. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, तेव्हाही हे काम बाकीच होतं.

ते १९७६ मध्ये पुढे सरकलं. ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आलं आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत देणं ही सरकारची जबाबदारी झाली. दोनच वर्षांनी, १९७८ ला, महाराष्ट्रातल्याच एका कैद्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. त्याला हायकोर्टाच्या निकालाची नक्कल तुरुंगात मिळालीच नव्हती असं त्याचं म्हणणं, आणि त्यामुळे अपिलाला वर्षानुवर्षं उशीर झालेला. त्याची स्वतःची शिक्षा काही रद्द झाली नाही. पण न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ठरवून दिलं की शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची नक्कल फुकट आणि लवकर मिळाली पाहिजे, आणि अपील करायला पैसे नसतील तर सरकारने वकील दिला पाहिजे. कलम २२ मध्ये जी जागा मोकळी राहिली होती, तिच्यात अपिलापुरती भर पडली ती इथे.

मग १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. आता तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. २०२२ पासून जिल्ह्या-जिल्ह्यात लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्ण वेळ गरीब आरोपींचंच काम करतात, त्यांना खासगी केस घेता येत नाही. पगार सरकारी, पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. जामिनापासून सेशन्स कोर्टातल्या अपिलापर्यंत ते उभे राहतात. हायकोर्टातल्या अपिलासाठी हायकोर्टाची वेगळी विधी सेवा समिती आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना मिळकतीची अट नाही.

तरीही पुष्कळांना वाटतं, फुकटचा वकील म्हणजे नावापुरता उभा राहणारा. काही ठिकाणी तसा अनुभवही लोकांना आलेला असतो. असा वकील कागद वाचत नसेल तर समितीकडे लेखी तक्रार करून दुसरा मागता येतो.

ज्यांच्या घरचं कुणी आत आहे त्यांनी तारखा नीट धराव्यात. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर सेशन्स कोर्टात अपील करायला ३० दिवस. सेशन्स कोर्टाने शिक्षा दिली तर हायकोर्टात जायला ६० दिवस, फाशी असेल तर ३०. कैदी तुरुंगातूनच अधीक्षकामार्फत अपिलाचा अर्ज पाठवू शकतो, त्यासाठी कुणी बाहेर धावपळ करायलाच पाहिजे असं नाही. विधी सेवेचा टोल फ्री नंबर १५१०० आहे. निकालाची नक्कल मागितल्यापासून ती हातात पडेपर्यंत जे दिवस जातात, ते या मुदतीत धरले जात नाहीत. म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा आणि त्याची पावती जपून ठेवावी.